गाडीमागे एक खोका

१

अंजूरच्या गोदामातून खोके नाहीसे होत होते, आणि तेही मोठ्या शिस्तीत. गाडी मोठी असो की छोटी, येणाऱ्या गाडीमागे एक खोका कमी. कधी दोन नाहीत, कधी सगळेच्या सगळे नाहीत. लहान मुलांच्या तापाच्या औषधाचे खोके होते ते. चोर असा नेमस्त असेल यावर कुणाचा विश्वास बसला नसता, पण २००६ सालच्या दिवाळीनंतर त्या गोदामात सगळ्यांचाच बसला होता. चोराचं नावही ठरलं होतं.

नाव होतं केसरीनाथ. गोदाम उभं होतं ती जमीन एकेकाळी त्याचीच होती. जमीन विकताना शेठने घरटी एक नोकरी कबूल केली होती, तेव्हापासून केसरीनाथ आपल्याच शेताच्या जागी उभा राहून दुसऱ्याचे खोके मोजत असे. गाडीतून खोके उतरू लागले की हा एकेकावर हात ठेवून मोठ्याने मोजणार. आता शेठने त्याला घरी बसवलं होतं आणि शनिवारी पोलिसात तक्रार द्यायची असं ठरवलं होतं.

त्याआधी एक कागद हवा होता. तो द्यायला ठाण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीने आसावरीला पाठवलं. काम साधं होतं. सॉफ्टवेअरमध्ये दोष नाही, एवढं लिहून द्यायचं. निघताना तिच्या साहेबांनी तेच दोनदा बजावलं होतं. कागद दिला की दोष माणसाचा, आणि माणूस तर ठरलेलाच होता.

आसावरी भिवंडीचीच, बाजारपेठेमागच्या आळीतली. तिचे वडील, चिंतामणराव, नगरपालिकेत कारकून होते. ते चार महिन्यांपूर्वी गेले. घरात दोघंच होती, आता ती एकटी उरली. दहाव्याला कावळा लगेच शिवला तेव्हा सगळे रडले, ही मात्र पिंडाकडे नुसती बघत उभी राहिली. सुनीतीआत्या म्हणाली, दगड झालीस गं. खरंच होतं. भिंतीपलीकडच्या यंत्रमागांची खटखट दिवसभर चालायची आणि तिला ऐकू यायची नाही. शुक्रवारी माग बंद असले की मात्र तिला वाटायचं, आज काहीतरी कमी आहे. रोज संध्याकाळी कुकरला दोन वाट्या तांदूळ घ्यायची आणि मग एक परत डब्यात टाकायची.

अशा बाईला चोर शोधायला पाठवलं होतं. खरं तर शोधायला नव्हेच, सही करायला.

२

गोदामात कॉम्प्युटरचा सगळा कारभार गंधारच्या हातात होता. हुशार मुलगा, पण आपण हुशार आहोत हे समोरच्याला विसरू न देणारा. त्याने सगळी व्यवस्था आसावरीला समजावून सांगितली. तिच्याच कंपनीचं सॉफ्टवेअर होतं ते, तरी समजावून सांगितली.

व्यवस्था अशी. मुंबईहून गाडी निघाली की औषध कंपनीचा कॉम्प्युटर गोदामाच्या कॉम्प्युटरला परस्पर वर्दी देई, इतके खोके निघाले. माल उतरला की गोदामाचा कॉम्प्युटर उलट पावती देई, इतके पोचले. मध्ये कागद नाही, फॅक्स नाही. यालाच ईडीआय म्हणत. फक्त या दोघांच्या मध्ये एक माणूस होता, पूर्वी नावाची ऑपरेटर. ती काचेच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसे. माल उतरवायच्या धक्क्यावर मोजणारा जे बोलेल ते ऐकून एक्सेलच्या तक्त्यात एकेका खोक्याची ओळ भरी, आणि ओळीमागे प्रिंटरमधून खोक्यावर लावायची एक चिकटपट्टी निघे. तिथून आसावरीच्या कंपनीची जोडणी, म्हणजे मधला प्रोग्राम, त्या ओळी डेटाबेसमध्ये नेई आणि डेटाबेसमधून पावती मुंबईला जाई. गाडी संपली की तक्ता कोरा, पुढच्या गाडीला तयार. त्याआधी मोजणारा शेवटी फक्त एकूण आकडा लिहून देत असे. पावसाळ्याच्या तोंडाशी ही बोलून भरण्याची पद्धत आली, आणि खोके कमी व्हायलाही तेव्हापासूनच लागले.

“तुमची जोडणी खोके खाते, असं शेठला वाटू नये म्हणून आधीच सांगतो,” गंधार म्हणाला. “रॅकवर आहेत तितकेच डेटाबेसमध्ये आहेत. मी स्वतः मोजलेत.”

आसावरीनेही मोजले. तंतोतंत जुळले. म्हणजे खोका गाडीतून उतरण्याआधी तरी जात होता, नाहीतर उतरल्यावर रॅकवर चढण्याआधी. मुंबईहून निघताना गाडीला सील असे, आणि ते इथे सगळ्यांसमोर तुटे. तेव्हा पहिला रस्ता बंद झाला.

मग ती पूर्वीकडे गेली. पूर्वी ठाण्याच्या सोसायटीत वाढलेली, इंग्रजी शाळेतली. मराठी चांगलं बोले, फक्त शिव्या आणि म्हणी तिला कळत नसत. केसरीनाथकाकांबद्दल बोलताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. काका किती व्यवस्थित होते, ती म्हणाली. लॅबचा खोका आधी बाजूला सांगायचे आणि मगच पुढे मोजायचे, कधी चुकले नाहीत. ते असं काही करतील असं तिला वाटत नव्हतं. आसावरीने हे ऐकलं आणि सोडून दिलं. औषधांच्या धंद्यात तपासणीला नमुने जातातच. शिवाय त्या दिवसांत तिच्या हातून बरंच काही असं निसटत असे.

तिने डेटाबेस उघडून एकेक गाडी तपासायला घेतली. दुपारपर्यंत एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. काही गाड्यांमध्ये एकही खोका कमी नव्हता. त्या सगळ्या एकाच आठवड्यातल्या होत्या. त्या आठवड्यात केसरीनाथ भाचीच्या लग्नाला रजेवर होता आणि मोजायला ठेकेदाराचा हिंदी बोलणारा माणूस उभा होता.

म्हणजे केसरीनाथ मोजायला असला की खोका जातो, नसला की जात नाही. ती निर्दोषपणा शोधायला निघाली नव्हती, पण फासाची गाठ आपल्याच हाताने आवळली जाईल असंही तिला वाटलं नव्हतं. गंधारने मागून वाकून पडदा पाहिला आणि म्हणाला, घ्या, आता सही करा.

३

सही करण्याआधी तिने वॉचमन चिंधूला गाठलं. गोदामाला बाहेर जाण्याचं फाटक एकच, आणि त्यावर चिंधू. तो म्हणाला, बाहेर जाणारी प्रत्येक गाडी मी उघडून बघतो, शेठची असली तरी. कागदावर लिहिल्यापेक्षा एकही जास्त खोका बाहेर गेलेला नाही. हे तो पोलिसांनाही सांगणार होता. त्याला विचारलं, आत कुठे लपवला असेल तर? त्याने तिला सगळं गोदाम फिरवून दाखवलं. अगदी शेवटी एक लोखंडी दार होतं, त्यावर औषध कंपनीचं लाखेचं सील.

“ही नमुन्यांची खोली, ताई. पैले कंपनीचा साहेब यायचा नमुने न्यायला. आता ते मुंबईलाच तपासतान. दोन वर्सं झाली, या दारातून मानूस आत गेलेला न्हाय.”

सीलवर धूळ बसली होती. दाराच्या खालच्या अंगाला एक झडप होती, टपालपेटीला असते तशी पण मोठी. आत लोटली की उघडे, बाहेर ओढता येत नसे. आसावरीने सील पाहिलं, शाबूत होतं. ती परतली.

अंजूर गाव गोदामांच्या पाठीमागेच होतं. केसरीनाथच्या घरासमोरून खाडीचा वारा येई, आता मध्ये पत्र्याच्या शेडा आल्यामुळे तो वळसा घेऊन येई. केसरीनाथ ओट्यावर बसला होता. त्याच्या बायकोने, राहीबाईने, पाणी आणून दिलं. आसावरी विचारत गेली, तो शेडच्या पत्र्याकडे बघत राहिला. पालथ्या घड्यावर पाणी. त्याचा चेहरा तिला ओळखीचा वाटला. रोज सकाळी आरशात असाच दिसत असे.

शेवटी तिने सरळच विचारलं. “काका, खोके तुम्ही घेतलेत?”

“मीच घेतले. लिवा,” केसरीनाथ म्हणाला.

राहीबाईच्या हातातला तांब्या तिथेच राहिला.

४

कबुली मिळाली, काम झालं. दुसरी कोणी असती तर रिक्षा करून घरी गेली असती. आसावरीने मात्र त्याला आणखी एक प्रश्न विचारला, की फाटकातून बाहेर कसे नेले. केसरीनाथने पुन्हा पत्र्याकडे पाहिलं. म्हणाला, नेले कसे तरी. ज्याने इतक्या महिन्यांत एकदाही न चुकता चोरी केली, त्याला आपली चोरी ठाऊक नव्हती.

निघताना राहीबाई तिच्या मागोमाग रस्त्यापर्यंत आली. बापलेकाचं बोलणं बंद आहे, एवढंच तिने सांगितलं. मुलगा भाविक गोदामाच्याच मालावर टेम्पो चालवायचा. नवऱ्याला घरी बसवलं त्याच संध्याकाळी तो घर सोडून गणेशपुरीला मावशीकडे गेला होता.

दुसऱ्या दिवशी आसावरी एसटीने गणेशपुरीला गेली. भाविक भाताच्या गोणी टेम्पोत चढवत होता. तिने ओळख सांगितली, तशी त्याने गोण टेकवली आणि विचारायच्या आधीच बोलून टाकलं की खोके मीच नेले, बाबांचं नाव काढा, माझं घाला. तिने त्यालाही तोच प्रश्न केला. फाटकातून कसे नेलेस? उत्तराऐवजी त्याने गोण पुन्हा उचलली. एका चोरीला दोन चोर, आणि चोरी कशी झाली हे दोघांनाही माहीत नाही.

हळूहळू त्याच्याकडून कळलं ते असं. गणपतीच्या मखराचं सामान ठेवायला त्याने भंगारातला एक रिकामा खोका टेम्पोत टाकला होता. तो बाबांनी पाहिला. तोंडाने काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून त्याच्या ताटात भाकरी वाढताना त्यांनी मान वर केली नाही. पुढे शेठने त्यांनाच चोर म्हटलं आणि त्यांनी साधं नाही म्हणूनही सांगितलं नाही, तेव्हा याला वाटलं, खरंच त्यांनीच केलं असावं. ज्या जमिनीत आजा राबला तिथे हमालासारखं उभं राहायचं, मनात राग असेलच.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. बाप मुलाला वाचवायला चोर झाला, मुलगा बापाला. दोघांनी एकमेकांवर विश्वास मात्र ठेवला नाही. हे सगळं आसावरीला समजलं, पण वाईट वाटलं नाही. वाईट वाटायला हवं होतं हेही तिला समजलं. परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि वज्रेश्वरी कधी मागे पडली ते तिला कळलं नाही.

मग चोर कोण? खोका बाहेर गेला नाही, रॅकवर चढला नाही, आणि केसरीनाथ मोजायला नसला की जागचा हलत नाही. उद्या शनिवार होता.

५

ती घरी न जाता परत अंजूरला उतरली. भाविकने काही केलेलं नाही, निदान एवढं तरी केसरीनाथला सांगावं म्हणून. ओट्यावर तो नव्हता, खाडीकडे गेला होता. राहीबाई पडवीत तांदूळ मापत होती. जमिनीच्या उरलेल्या एका तुकड्यातलं नवं भात भरडून आणलं होतं, त्यातलं आसावरीलाही द्यायचं तिने ठरवून टाकलं होतं. नको म्हटलं तर आगरी माणसांच्या घरात ते अपमान केल्यासारखं होतं. आसावरीने पिशवी उघडून धरली.

राहीबाईने शेर भरला, वर हात फिरवला आणि पिशवीत ओतला.

“लाब,” ती म्हणाली. मग दुसरा. “दोन.” मग तिसरा. “तीन.”

“काकी, पहिल्याला काय म्हणालात?”

“लाब.” राहीबाईला यात विचारण्यासारखं काय ते कळेना. “लाब म्हंजे लाब गो. पैल्या मापाला एक म्हनाचा न्हाय. एक म्हंजे एकटा. घरात पैलाच दाना एकटा कसा यील? म्हनून लाब म्हनाचा, मंग दोन. आमचे सगलेच म्हनतान. हे तर इटा मोजताना पन म्हनतान.”

लाभ. घरात येणाऱ्या पहिल्या मापाला लाभ म्हणायचं आणि शेवटचा भ ओठांतच विरघळू द्यायचा. आसावरी पिशवी धरून तशीच उभी राहिली. तिला तिच्या कुकरजवळची एक वाटी आठवली, आणि मग काचेच्या खोलीत बसणाऱ्या पूर्वीचा आवाज. लॅबचा खोका आधी बाजूला सांगायचे, मगच पुढे मोजायचे.

“काकांना घेऊन गोदामात या,” ती म्हणाली. “आत्ताच या. आणि भाविकला फोन करा.”

६

संध्याकाळच्या आत सगळे धक्क्यावर जमले. शेठ, गंधार, पूर्वी, चिंधू आणि राहीबाईच्या मागे केसरीनाथ. शेठने आधी घड्याळ पाहिलं आणि मग कागद झाला का ते विचारलं. आसावरीने पूर्वीला सांगितलं, हेडफोन लाव आणि कोरा तक्ता उघड. मग केसरीनाथला सांगितलं, काका, समोरचे खोके मोजा, नेहमी मोजता तसे.

त्याने खोक्यावर हात ठेवला. “लाब. दोन. तीन.”

“पूर्वी, पहिल्या ओळीत काय भरलंस?”

पूर्वी दारात आली. “एल ए बी. लॅब. ते काका म्हणाले ना,” ती म्हणाली.

पुढचं आसावरीने सपाट आवाजात सांगितलं, जसं ती चार महिने सगळंच सांगत होती. दोन वर्षांपूर्वी नमुने बंद झाले, पण गंधारने नवा तक्ता करताना जुनाच उचलला आणि लॅबचा कोड त्यात तसाच राहिला. काका एक म्हणत नाहीत, लाब म्हणतात. पूर्वीला वाटलं, पहिला खोका लॅबचा. तिने कोड भरला, प्रिंटरमधून लॅबची चिकटपट्टी आली, ती खोक्यावर लागली. मुंबईच्या कंपनीला हा कोड आता ठाऊकच नाही. जोडणीला जी ओळ ओळखता येत नाही ती दारातच गाळली जाते, कुणालाही न कळवता. म्हणून डेटाबेसमध्ये एक कमी, पावतीत एक कमी. ठेकेदाराचा माणूस एक, दो, तीन म्हणाला, त्या आठवड्यात एकही कमी नाही. आधी फक्त एकूण आकडा जायचा, तेव्हाही नाही, कारण काकांचं लाब कुणाला ऐकूच जात नव्हतं.

“आणि खोके? ते कुठे उडून गेले?” शेठने विचारलं.

आसावरीने बाजूच्या हमालाला बोलावलं. लॅबची चिकटपट्टी लागलेल्या खोक्याचं काय करता?

“उधर झडप में डालते हैं, मैडम. लैब का माल तो वहीं जाता है ना,” तो म्हणाला. “सबने पूछा, बाहर क्या गया. बाहर तो कुछ नहीं गया.”

चिंधूने कपाळाला हात लावला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. माणूस आत गेला नव्हता हे खरंच होतं. शेठने मुंबईला फोन करून परवानगी घेतली आणि सील तोडलं. दार लोटलं, तर जेमतेम हातभर उघडलं. आतून खोके दाराला टेकले होते, एकावर एक, गाडीमागे एक.

गंधारने दाराशी टेकलेल्या खोक्यावरची चिकटपट्टी वाचली. मग म्हणाला, उद्यापासून काकांना एक म्हणायला सांगू, प्रश्न मिटला.

७

खोके बाहेर काढून पुन्हा मोजून घ्यायचे होते. शेठने केसरीनाथच्या खांद्यावर हात ठेवून माफीसारखं काहीतरी पुटपुटत मोजायला त्यालाच उभं केलं. पूर्वी डोळे पुसून हेडफोन लावून बसली. फाटकाशी एक टेम्पो येऊन थांबला होता. भाविक खाली उतरला, पण आत आला नाही. बापाने त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. आपण पोराला चोर ठरवलं होतं, हे आता त्याच्या पाठीवर बसलं होतं.

पहिला खोका समोर आला. केसरीनाथने त्यावर हात ठेवला आणि थांबला. सगळे थांबले.

“एक,” तो म्हणाला.

आवाज फार लहान होता. गंधारने मान डोलावली, शेठ फोनकडे वळला. त्या शब्दात काय मोडलं ते तिथे राहीबाईला कळलं, आणि आसावरीला. एक म्हणजे एकटा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वडिलांना नेलं तेव्हा आलं नव्हतं, कावळा शिवला तेव्हा आलं नव्हतं, ते आत्ता, या परक्या माणसाच्या एका आकड्याला आलं. ती खांबाला धरून उभी राहिली आणि रडू लागली. लपवायचं तिला सुचलंही नाही.

फाटकापासून भाविक चालत आला. बापाच्या शेजारी उभा राहिला आणि त्याच खोक्यावर त्याने आपलाही हात ठेवला.

“बाबा, लाब म्हना,” तो म्हणाला.

केसरीनाथ त्याच्याकडे बघत राहिला. गंधार म्हणाला, अहो पण सिस्टिमला ते कळणार कसं? आसावरीने पदराने तोंड पुसलं. जोडणीत दोन्हीकडच्या शब्दांचा मेळ घालायचा एक तक्ता असतो, तुमच्या शब्दाला आमचा शब्द कोणता ते लिहायला, ती म्हणाली. तो त्याचसाठी असतो. एक ओळ वाढवू, आणि लॅबची काढून टाकू. कागदही देते, पण त्यात दोष कुणाचा ते नीट लिहून देते.

“लाब,” केसरीनाथ म्हणाला, आणि या वेळी मोठ्याने.

काचेच्या खोलीत पूर्वीने १ भरला.

“दोन,” भाविक म्हणाला.